पाटीवर ‘सेंद्रिय’ लिहिलंय, पुढे काय विचारायचं?

मागच्या अंकात नाशिकमधल्या सेंद्रिय मालाच्या दुकानांविषयी ओझरतं लिहिलं होतं. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा भागांत ही दुकानं निघाली आहेत, तिथे जाताना डोळे आणि तोंड दोन्ही उघडं ठेवा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगून ठेवते. रविवार कारंजाजवळ आमचं धान्याचं दुकान होतं. सासऱ्यांच्या पाठोपाठ ते मी चालवलं, आता बंद केलंय. त्यामुळे मला कुणाचा माल खपवायचा नाही. आहारतज्ज्ञ मी नाही. गोणीत हात घालून माल ओळखायचा, एवढंच माझं शिक्षण.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा-सून महिन्याचा सगळा किराणा सेंद्रिय दुकानातून आणतात, तूरडाळीपासून मिठापर्यंत. बिल आधीच्या जवळजवळ दुप्पट होतं. मी काही बोलले की ‘आई, दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतं’ असं ऐकवतात. खरंच सगळं तिथूनच घ्यायला हवं का? – एक सासूबाई, गंगापूर रोड

मिठापासूनच सुरुवात करू. मीठ शेतात उगवत नाही. ते समुद्रातून किंवा खाणीतून येतं, त्यामुळे सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र त्याला लागूच होत नाही. तुमच्या पिशवीत बहुधा सैंधव असणार. चवीला हवं तर घ्या, पण पाकिटावर ‘आयोडिनयुक्त’ लिहिलंय का ते बघा. पुष्कळदा नसतं, आणि घरात रोजचं मीठ तेच असेल तर आयोडीन येणार कुठून? एवढी एक वस्तू यादीतून काढायला सुनेची हरकत नसावी.

बाकी यादीचे मी तीन भाग करीन. पहिला भाग पालेभाज्या, कोथिंबीर, हिरवी मिरची, टोमॅटो आणि सालासकट खायच्या फळांचा. हा माल फवारणीच्या पाळ्यांवर वाढतो. पालेभाजी आपण सोलत नाही, पान आख्खं खातो. वरवर बसलेलं औषध वाहत्या पाण्यात चोळून धुतलं की बरंचसं जातं, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातूनच फिरतं, ते कितीही धुतलं तरी निघत नाही. जादा पैसे टाकायचे तर इथे टाका. कांदा, भोपळा, नारळ हे मात्र नेहमीच्या भाजीवाल्याकडून घ्यायला मला काही वाटत नाही.

दुसरा भाग गूळ, तेल, डाळी, बेदाणे यांचा. इथे शेतात काय झालं यापेक्षा शेतातून निघाल्यावर काय झालं हे मोठं असतं. गुऱ्हाळात रस साफ कशाने केला, डाळीला चकाकी कशाने आली, तेल कसं काढलं. त्यावर पुढे एक पत्र आहेच.

तिसऱ्या भागासाठी तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. नागली (म्हणजे नाचणी), वरई, उडीद, खुरासणी (म्हणजे कारळे) हा माल आपल्याच जिल्ह्यातून येतो, पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवरून. सगळं पावसाच्या पाण्यावर. तिथल्या शेतकऱ्याला नागलीवर औषध मारायची गरज क्वचित पडते आणि तो खर्च परवडतही नाही. कुठे कुठे युरियाची मूठ पडते, ते नाकारत नाही. पण एकंदरीत ही पिकं पूर्वीही अशीच यायची, आजही तशीच येतात. तीच नागली शहरात येऊन छापील पाकिटात बसली की तिला दुकानाचं भाडं, पाकीट आणि इंग्रजी नाव असं सगळं चिकटतं. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भात-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. पण सुट्या नागलीत ते जेवढं, पाकिटातल्या नागलीतही तेवढंच. सुट्टीच्या दिवशी मुलाला गाडी काढायला सांगा, हरसूल किंवा पेठच्या आठवडे बाजारात जा आणि वर्षाची नागली घेऊन या. नागली टिकते. कोरडी ठेवली तर तिला लवकर कीड लागत नाही. दळून आणलेलं पीठ मात्र थोडं थोडंच करा.

एवढं केलंत तर बिल आपोआप खाली येईल आणि सुनेशी वाद घालायची वेळही येणार नाही.

प्रश्न : पाकिटांवर दोन-तीन वेगवेगळी हिरवी चिन्हं दिसतात. सुट्या मालाच्या डब्यांवर मात्र खडूने नुसतं ‘सेंद्रिय’ लिहिलेलं असतं. विश्वास कशावर ठेवायचा? दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, ‘साहेब, आमच्या ओळखीतला शेतकरी आहे.’ – एक नोकरदार, इंदिरानगर

ओळखीतला शेतकरी ही चांगलीच गोष्ट आहे. मग पुढचं विचारा, गाव कोणतं? याचं उत्तर तोंडावर आलं पाहिजे. ‘दिंडोरी साइडचा’ हे उत्तर धरू नका. दिंडोरी तालुका केवढा मोठा आहे.

आता चिन्हांचं. आपल्याकडे सेंद्रिय मालाची खात्री देण्याच्या दोन सरकारी पद्धती आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. वाणिज्य मंत्रालयाने ती २००१ मध्ये सुरू केली आणि अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था तिचं काम पाहते. यात त्रयस्थ संस्थेचा माणूस शेतावर येऊन नोंदी तपासतो, मग ‘इंडिया ऑरगॅनिक’चं चिन्ह मिळतं. खर्चिक काम, त्यामुळे निर्यातदार आणि मोठे गट या वाटेने जातात. दुसरी पद्धत पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची. हिच्यात एकाच परिसरातले शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. शेजाऱ्याने रात्री औषध मारलं तर ते शेजाऱ्यालाच कळणार, हा त्यामागचा हिशोब. हसू नका, गावात तो बराच लागू पडतो. पीजीएसची चिन्हंही दोन आहेत. ‘ऑरगॅनिक’ म्हणजे शेत पूर्ण सेंद्रिय झालं, ‘ग्रीन’ म्हणजे अजून बदलाच्या काळात आहे. हा बदलाचा काळ हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं धरतात. ‘ग्रीन’चा माल वाईट नसतो, पण त्याला पूर्ण सेंद्रियचा भाव द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

तिसरं चिन्ह ‘जैविक भारत’. ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं. सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. वरच्या दोन्हींपैकी एका पद्धतीने प्रमाणित झालेल्या मालावर हे चिन्ह येतं. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याने थेट खाणाऱ्याला विकलं, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र त्याला ते चिन्हही छापता येत नाही. म्हणून बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे कागद मागू नका, तिच्याशी दोन शब्द बोला. मध्ये दुकान आलं की मात्र कागद मागायला लाजू नका.

सुट्या मालाला कोणता कागद मागायचा? शेतकऱ्याच्या किंवा गटाच्या प्रमाणपत्राची प्रत दुकानात असावी. त्यावर पिकाचं नाव आणि मुदत असते. दोन्ही वाचा. मी एका ठिकाणी भिंतीवर छान चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र वाचलं, ते हळदीचं होतं. दुकानात हळद नव्हतीच, तूरडाळ होती! काही जण प्रयोगशाळेचा अहवाल दाखवतात. तोही चांगलाच, पण तो एका दिवशी तपासलेल्या एका लॉटचा असतो. तारीख आणि लॉट क्रमांक तुमच्या पुढ्यातल्या पोत्याशी जुळतो का ते बघा.

आणि आणखी एक खूण. चांगल्या दुकानात तुम्हाला अधूनमधून ‘संपलंय, नवीन पीक निघालं की येईल’ असं ऐकायला मिळतं. दहा-वीस शेतकऱ्यांकडून माल घेणाऱ्याकडे सगळं बाराही महिने असूच शकत नाही. ज्याच्याकडे सगळं नेहमी असतं, त्याने कुठूनतरी भर घातलेली असते. आता ती भर कुठली, हे तोच जाणे.

प्रश्न : सेंद्रिय दुकानातून आणलेल्या तांदळात सोंडे निघाले. दुकानदार म्हणाला, ‘काकू, हीच शुद्धतेची खूण आहे, किडे खातात म्हणजे औषध नाही.’ मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. – पंचवटीहून

पटलं नाही ते बरोबरच. सोंड्याला प्रमाणपत्र वाचता येत नाही. शेतात भरपूर औषध मारलेल्या तांदळालाही साठवणुकीत ओल लागली की सोंडे होतात, आणि सेंद्रिय तांदूळ नीट वाळवून घट्ट बंद डब्यात ठेवला तर वर्षभर निवांत राहतो. त्या दुकानातली साठवण ढिली आहे, एवढंच ते किडे सांगतात. पुढच्या वेळी तांदूळ हातात घेऊन पाहा. भुकटी लागली, जाळी दिसली, तर परत ठेवा. आणलेला परत करा, चांगला दुकानदार बदलून देतो.

घरी आणल्यावर गव्हाला थोडं एरंडेल चोळून ठेवायची जुनी पद्धत आहे, ती आजही ठीक आहे. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला घाला, ओला पाला घातला तर उलट बुरशी येईल. पाऱ्याच्या गोळ्या पूर्वी घरोघर धान्यात टाकायचे. आता ते बंद करा. आणि कोठारात वापरतात त्या धुरी देणाऱ्या गोळ्या घरात कधीही आणू नका, कुणी कितीही खात्री देवो. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणसं दगावतात. थोडाच माल असेल तर सरळ फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवून मग डब्यात भरा. किडीची अंडी त्यात मरतात.

हातसडीच्या तांदळाचं वेगळं सांगते. त्यावर कोंडा असतो, कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. तो दोन महिन्यांपुरताच आणा. घोटी-इगतपुरीचा इंद्रायणी हातसडीचा मिळाला तर सोडू नका. पण शिजताना पाणी जास्त लागतं आणि वेळही. पहिल्या दिवशी घरातले नाक मुरडतील, तिकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : लाकडी घाण्याचं तेल आणि सेंद्रिय गूळ घ्यावा म्हणते. भावात एवढा फरक का? आणि खरं-खोटं कसं ओळखू? – सातपूरहून एक गृहिणी

तेलाचा हिशोब घरबसल्या करता येतो. घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेल काढायला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाण्याचा भाव किलोला १३० धरला, तर तीनशेच्या आसपास नुसते दाण्याचेच झाले. पेंडीचे थोडे पैसे सुटतात, पण मजुरी, वीज, बाटली त्यात गेली. आता कुणी ‘लाकडी घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल’ १८० रुपये लिटरने देत असेल, तर तो एकतर दानशूर आहे किंवा बाटलीत दुसरंच काही आहे. दाण्याचा आजचा भाव विचारा, अडीचने गुणा, मग तेलाचा भाव ऐका. आमच्या दुकानात तेल घ्यायला येणाऱ्या जुन्या बायका हा हिशोब बोटांवर करायच्या.

घाणा समोर चालू असेल तिथे जा. आपले दाणे नेऊन तेल काढून देणारेही आहेत, तो सगळ्यांत उत्तम मार्ग. दाणे आधी निवडून घ्या. काळे, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे घाण्यात गेले तर त्यातलं बुरशीचं विष तेलात उतरतं, आणि घाण्याच्या तेलावर नंतर शुद्धीकरण होत नसल्यामुळे ते तसंच राहतं. लाकडी घाणा असला म्हणून दाणा कसाही चालतो असं नाही. या तेलाचा तळाशी गाळ बसतो, वास येतो, फेस जास्त येतो. पुऱ्या-भजी वरचेवर तळणार असाल तर त्याची चैन नको. फोडणी, चटणी, भाकरीवर घ्यायला ते खरं.

गुळाला लोक रंगावरून भुलतात. पूर्वी पिवळाधमक गूळ पाहून भुलायचे, आता काळाकुट्ट पाहून. पिवळेपणासाठी गुऱ्हाळात रस उकळताना हायड्रोस टाकतात, ते गंधकाचं रसायन आहे. गुळात सल्फर डायऑक्साइड किती असावं याला कायद्याने मर्यादा आहे, ७० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग. बिनरसायनाच्या गुळासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतात. तो गूळ तपकिरी होतो, जरा मऊ असतो आणि पावसाळ्यात पाघळतो. पण नुसता काळा रंग म्हणजे शुद्ध गूळ नव्हे. जास्त उकळला, जुना झाला, तरी गूळ काळा पडतो. जिभेवर ठेवा. खारट लागला, घशाशी खवखवलं, तर नको. गुऱ्हाळ कुठलं, हा प्रश्न इथेही विचाराच.

डाळीचं दोन ओळींत. चकचकीत, गुळगुळीत, एकसारखी डाळ म्हणजे पॉलिश. अनपॉलिश तूरडाळ मळकट दिसते, हाताला पिठूळ लागते, शिजायला बरी. ती आता साध्या किराणा दुकानातही मिळते, त्यासाठी सेंद्रियचाच भाव द्यायला हवा असं नाही.

प्रश्न : द्राक्षांवर पांढरी भुकटी दिसते. ते औषध असतं का? सेंद्रिय द्राक्षं नाशिकमध्ये तरी मिळायला हवीत ना? – सिडकोहून

घडावर सगळीकडे एकसारखी, बोटाने पुसली की जाणारी पांढुरकी झाक ही मण्याची स्वतःची असते, नैसर्गिक मेणाचा थर. उलट ती असली तर द्राक्ष फार हाताळलेलं नाही असं समजा. औषधाचे डाग ठिपक्या-ओघळांसारखे असतात, मण्याच्या तळाशी सुकलेला थेंब दिसतो. निळसर छटा असेल तर मोरचुदाचं, म्हणजे बोर्डोसारखं काही मारलेलं असू शकतं. आणि हे ऐकून दचकू नका. मर्यादेत बोर्डो, गंधक, निंबोळी अर्क हे सेंद्रिय शेतीतही चालतं. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समज चुकीचा आहे.

पूर्ण सेंद्रिय द्राक्षं नाशिकमध्ये का दुर्मीळ, हे कुठल्याही बागाईतदाराला विचारा, तो तासभर बोलेल. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर केवडा आणि भुरी या दोन रोगांनी त्याची झोप उडालेली असते. त्यात अवकाळी पाऊस आला की एका रात्रीत बाग जाते. म्हणून कुणी हातगाडीवर ‘ऑरगॅनिक द्राक्षं’ ओरडत असेल तर मी पुढे जाते.

त्यापेक्षा निर्यातीच्या बागेतला माल शोधा. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला आणि माल अडकला. बागाईतदारांनी त्याची झळ सोसली आहे. तेव्हापासून निर्यातीच्या बागांत शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर काटेकोर पाळतात, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कुठलं औषध किती दिवस आधी थांबवायचं ते सांगतं, आणि माल बोटीवर चढण्याआधी अंशाची तपासणी होते. अशा बागेतले मण्याच्या आकारात न बसलेले घड इथेच विकले जातात. ते ओळखीतून मिळतात. हातगाडीवरचा प्रत्येकजण ‘एक्स्पोर्टचा माल’ म्हणतो, ते सोडून द्या.

बेदाणे घेताना सोनेरी पिवळ्याच्या मागे लागू नका. तो रंग बहुतेकदा गंधकाच्या धुरीचा असतो. तपकिरी घ्या, धुऊन खा.

प्रश्न : नातवाला डॉक्टरांनी सिलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा आजार, सांगितला आहे. सेंद्रिय दुकानात ‘खपली चालेल, ती जुनी जात आहे’ म्हणाले. – नाशिकरोड

नाही चालणार! खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. बन्सी, लोकवन, शरबती, आपल्या निफाडच्या केंद्रातून आलेले त्र्यंबक, गोदावरी, तपोवन, सेंद्रिय असो वा नसो, यातलं काहीही त्या बाळाला देऊ नका. ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, वरई द्या. आणि गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ त्याची ज्वारी दळू नका, जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ त्यात येतं. घरगुती छोटी गिरणी घेता आली तर फक्त त्याच्यासाठी ठेवा. बाकी त्याच्या डॉक्टरांना विचारूनच.

घरातल्या बाकीच्यांना खपली आवडत असेल तर खुशाल आणा, पुरणपोळी आणि खीर सुरेख होते.

प्रश्न : श्रावणात आणि नवरात्रात भगरीचं पीठ सुटं मिळतं, ते घ्यावं का? – मेरी, पंचवटी

सुटं पीठ नको. नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचं मोठं ठिकाण आहे, त्यामुळे ताजी भगर मिळायला आपल्याला काही अडचण नाही. पण भगरीवर बुरशी सहज धरते आणि पिठात ती डोळ्यांना दिसत नाही. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या बहुधा यातूनच, आणि अन्न व औषध प्रशासनही सुटी भगर व पीठ टाळायला सांगतं. बंद पाकिटातली आख्खी भगर घ्या, तारीख पाहा, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढंच घरी दळा. उरलेलं पीठ पुढच्या एकादशीला नको.

प्रश्न : मी पाथर्डी फाट्याला छोटं सेंद्रिय दुकान काढलंय. ताई, तुम्ही लोकांना ‘विचारा, विचारा’ सांगता, पण ग्राहक गाव-शेतकरी काही विचारत नाहीत. समोरच्या मॉलमधल्या भावाशी तुलना करतात आणि मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी करा म्हणतात. मे महिन्यात फ्लॉवर मागतात. नाही म्हटलं की परत येत नाहीत. – एक तरुण दुकानदार

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तक्रार खरी आहे, म्हणून आधी वाचकांना सांगते. बाबांनो, मेथीच्या जुडीवर पाच रुपये सोडवून घेताना समोर कोण उभं आहे ते बघा. मॉलमध्ये छापील भावावर आपण एक शब्द बोलत नाही.

आता तुम्हाला. ग्राहक विचारत नाही, तर तुम्हीच सांगा. डब्यावर ‘सेंद्रिय’ लिहायच्या ऐवजी ‘उडीद, सुरगाणा तालुका, अमुक गाव, यंदाच्या खरिपाचा’ असं लिहा. शेतकऱ्याचं नाव त्याला विचारून लिहा. लोक वाचतात, आपल्या माहेरच्या, मामाच्या गावाचं नाव दिसलं की थांबतात. कागदपत्रांची फाइल गल्ल्यावर उघडी ठेवा. कुणी चाळणार नाही, पण ती दिसली की फरक पडतो.

मे महिन्यातल्या फ्लॉवरला नकार द्या, पण नुसता नकार देऊ नका. फळ्यावर या महिन्यात काय येणार ते लिहा. पावसाळ्यात तर तुमच्याकडे असं काही आणता येईल जे मॉलला आणता येत नाही. त्र्यंबक-हरसूलच्या बायका करटोली, कुर्डू, टाकळा, चाईचा मोहोर घेऊन नाशकात येतात. सकाळभर रस्त्याकडेला बसतात, दुपारी उरलेलं मिळेल त्या भावाला टाकून एसटीला पळतात. त्यांच्याकडून ठरल्या वारी ठरलेला माल घ्या, रोख पैसे द्या आणि प्रत्येक भाजीशेजारी ती कशी निवडायची, कशी करायची ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. करटोली सोडली तर शहरातल्या निम्म्या बायकांना यातलं काही करता येत नाही, म्हणून घेत नाहीत. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे जाऊन करणाऱ्या बायकांशी ओळख करून घ्या. एक सांभाळा, रानभाजी ओळखणारी बाई स्वतः देईल तेवढीच विका. सारखी दिसणारी पानं पुष्कळ असतात, तिथे अंदाज नको.

भाजीत नासाडी होते आणि नफा तिथेच जातो. सुरुवातीला भाजी आठवड्यातून दोनच दिवस, तीही आगाऊ नोंदणीवर ठेवा. पैसा धान्य, डाळ, तेल, गूळ यांत सुटेल. आणि उधारी लिहू नका. आमचं दुकान चालवताना मला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो मालाचा नव्हे, वहीचा.

मॉलशी भावात जाऊ नका. तुमच्या त्या चौकातल्या वीस घरांना तुमचा तांदूळ आवडला, तर ती वर्षाची पोती तुमच्याकडून घेतील. नाशिकमध्ये उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. मार्चमध्येच नोंदणी सुरू करा, थोडी रक्कम आगाऊ घ्या, तीच शेतकऱ्याला द्या. त्याला पैशाची गरज तेव्हाच असते.

प्रश्न : अशा दुकानात घरचे डबे घेऊन गेलं तर चालतं का? संकोच वाटतो. – कॉलेज रोड

चालतं. जाच. बरेच दुकानदार खूश होतात, त्यांचा पाकिटाचा खर्च वाचतो. डबा कोरडा न्या, आणि माल भरण्याआधी रिकाम्या डब्याचं वजन काट्यावर करून तेवढं वजा करायला सांगा. स्टीलचा मोठा डबा सहज पाव-अर्धा किलो भरतो, आणि ते पोलाद सेंद्रिय बदामाच्या भावाने घ्यायचं काही कारण नाही. तेलासाठी काचेची बाटली न्या, आधी उन्हात खडखडीत वाळवलेली.